पिवळी खुंटी

७ सप्टेंबर, सोमवार

मायना काय लिहावा यात पंधरा मिनिटं गेली. 'चिरंजीव' लिहावं तर तू साठीला टेकलास. 'सप्रेम नमस्कार' लिहावा तर तू माझा धाकटा भाऊ, नमस्कार तू करायचा. तेव्हा मायना सोडते आणि कामाचं लिहिते.

क्लबाच्या समितीला तुझ्या घोडीची, तालेवारची, जन्मतारीख आणि खांद्यापर्यंतची उंची हवी आहे. जुन्या कागदांना वाळवी लागली. तुझ्याकडे नोंद असणारच. तुला स्वतःचा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही, पण घोड्यांचे सगळे पाठ असत. एका कार्डावर दोन आकडे लिहून पाठव. बाकी काही लिहायची सक्ती नाही.

का हवे आहेत तेही सांगते, नाहीतर तू कार्ड फाडून टाकशील. तालेवारच्या लेकीची लेक सध्या आमच्या मैदानावर पळते आहे. कागदावर तिचं नाव हातभर लांब आहे, तबेल्यात सगळे भिंगरी म्हणतात. चार वर्षांची, तांबूस, मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. आठ शर्यती पळाली, आठही जिंकली. सगळं शहर वेडं झालं आहे. माझा दातांचा डॉक्टर माझ्या तोंडात दोन्ही हात घालून विचारतो, "काय ताई, चढवणार ना तिला फळ्यावर?" आणि मी आ वासून बसलेली. उत्तर काय देणार, कपाळ?

फळा तोच आहे. वजनघराच्या भिंतीवर, जिथे जॉकी खोगिरासकट काट्यावर बसतात त्याच्या बरोबर वर. काळं लाकूड, सोनेरी अक्षरं, साठ वर्षांत चार नावं. नियमही तोच. पाच जणांनी चिठ्ठीवर 'थोर' लिहायचं. एकाने जरी 'नाही' लिहिलं तरी नाव चढत नाही. हे तुला मी सांगायला नको.

परवाच्या बैठकीत नुसता गोंधळ. घोड्यांचे डॉक्टर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "ताई, तिचं हृदय ऐकलंय तुम्ही? ढोल आहे ढोल!" बातमीदार म्हणाला, "ती वळणावर आली की बारा हजार माणसं उभी राहतात." मी म्हटलं, "पावसाची सर आली तरी बारा हजार माणसं उभी राहतात." म्हातारा जॉकी नेहमीप्रमाणे गप्प. अध्यक्ष दोन्ही बाजूंना मान हलवत होते.

माझं म्हणणं सरळ आहे. भिंगरी आठ वेळा पळाली ती फक्त माद्यांशी, फक्त छोट्या अंतरावर, फक्त कोरड्या गवतावर. एकच गणित आठदा बरोबर सोडवलं म्हणून कुणी गणिती होत नाही. जे आपल्याला न मानवणाऱ्या दिवशीही जिंकतं ते थोर. मी तो शब्द आजवर दोनदाच लिहिला आहे.

पण खरं सांगू का, मी अडतीस वर्षं मनोऱ्यावर बसून वेळ घेते आहे. आता खरी वेळ यंत्र घेतं, मी नुसती पडताळणीला, तरीही बाबांचंच घड्याळ वापरते. आठव्या शर्यतीत ही पोरगी सर्वांत शेवटी सुटली आणि शेवटच्या दोन फर्लांगांत अशी आली की माझा अंगठा बटणावर घामाने घसरला. अडतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

हे समितीला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

ताई

२१ सप्टेंबर, सोमवार

कार्ड मिळालं. जन्मतारीख, उंची, आणि खाली एक ओळ: 'भिंगरी चांगली असेल. थोर तिची आजी.'

एकवीस वर्षांनी एक ओळ आली, तीही टोमण्याची. असो. वाद घालायचा असेल तर नीट घालू. काल मी मागितलं होतं ते सगळं एका दमात घडलं, तेव्हा ऐकच.

माझे आक्षेप भिंगरीच्या ट्रेनरबाईंच्या कानावर गेले. कुणी पोचवले ते मला माहीत आहे, बातमीदाराच्या तोंडात तीळ भिजत नाही. ट्रेनरबाई मला पायऱ्यांवर गाठून म्हणाल्या, "ताई, नर घोडे, लांब पल्ला आणि ओलं गवत. तिन्ही एकत्र चालेल की हप्त्याहप्त्याने देऊ?" मला माणूस आवडलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

काल दोन हजार मीटर. शनिवारभर पाऊस. घोड्यांच्या टापांखालून गवताची ढेपळं उडत होती. दहा नर आणि ही एकटी. गेट उघडलं आणि आपली बाई परत शेवटची! डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी डोळेच मिटले. वळणावर घोड्यांची भिंत पुढे, वाट कुठेच नाही. जॉकीने तिला बाहेरून काढलं, म्हणजे सगळ्यांत लांबच्या वाटेने. मी मनात म्हटलं, संपलं. आणि मग, धाकट्या, ती खाली बसली. तालेवार बसायची तशी. पोट जमिनीला लागतंय असं वाटावं, मान लांब, कान मागे. एक घोडा, दोन, पाच. डॉक्टरांनी डोळे उघडले तोवर तिच्यापुढे कुणीच उरलं नव्हतं. घोड्याच्या तीन लांब्यांच्या फरकाने जिंकली. मी खुर्चीवर उभी होते. खुर्चीवर कधी चढले ते मला माहीत नाही, पण उतरायला दोघांनी हात दिला.

आता वादाचा मुद्दा. वेळ दोन मिनिटं, दोन सेकंद आणि वर दोन ठोके. (माझं घड्याळ सेकंदाचे पाच ठोके मोजतं, विसरला असशील.) तुझी तालेवार हेच अंतर, असंच ओलं गवत, असाच सप्टेंबर: दोन मिनिटं चार सेकंद. नातीने आजीला एक सेकंद तीन ठोक्यांनी मागे टाकलं. नऊ लांबीचा फरक म्हण. तेव्हा 'थोर तिची आजी' हे वाक्य पुराव्यात बसत नाही.

तुझ्या घोडीवर माझा राग कधीच नव्हता. ती त्या दिवशी नऊ लांबीने जिंकली, सगळे नाचले. मी एवढंच म्हटलं, की वेळ इतकी संथ आहे तर घोडी मोठी नाही, बाकीची गाढवं होती. चार चिठ्ठ्यांवर 'थोर' होतं. पाचवी माझी. भावाची घोडी म्हणून डोळे झाकून सही केली असती तर तूच मला हसला असतास.

बहुधा.

ताई

२९ सप्टेंबर, मंगळवार

तुझं दुसरं कार्ड आलं. सहा शब्द. 'त्या दिवशी कठडा कुठे होता, ताई?'

त्यातला एक शब्द 'ताई' आहे, याची नोंद घेतली.

बाकी पाचांचं उत्तर तेव्हाच दिलं होतं. वजनघराच्या दारात तू हाच प्रश्न विचारलास, मी म्हटलं, "कठडा कुठेही असो, घड्याळ खोटं बोलत नाही." तू म्हणालास, "तू आयुष्यात घोडा बघितलाच नाहीस, ताई. बटण बघितलंस." आणि दुसऱ्या दिवशी घोड्यांची गाडी भरून निघून गेलास. आई गेली तेव्हा आलास, तासभर माझ्या शेजारी उभा राहिलास आणि एक अक्षर न बोलता परत गेलास. एवढं करून आता परत कठडा!

पळायच्या वाटेच्या आतल्या कडेचा कठडा पाहणं हे मैदानवाल्याचं काम. वेळ घेणं हे माझं. मी अडतीस वर्षांत खाली गवतावर उतरले नाही आणि आता या गुडघ्यांनी उतरणारही नाही.

विषय संपला.

३ ऑक्टोबर, शनिवार

काल सकाळी जरा मैदानावर जाऊन आले. हवा चांगली होती. चपलेला चिखल लागला. विशेष काही नाही.

सविस्तर मग लिहीन.

५ ऑक्टोबर, सोमवार

धाकट्या,

खुर्ची खिडकीपाशी ओढली आहे, दार लावून घेतलं आहे, फोन काढून ठेवला आहे. हे पत्र एका बैठकीत लिहायचं आहे, नाहीतर परवासारखं चिखलावर येऊन थांबेल.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी खाली उतरले. मैदानवाला तोच आहे, तुझ्या वेळचा. तेव्हा हाताखालचा होता, आता मुख्य. मोजायचं चाक दांडीला धरून सतत फिरत असतो म्हणून सगळे त्याला चाकवाला म्हणतात. मला गवतावर बघून त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"काय ताई, कुणी पडलं का?"

"कुणी नाही पडलं. कठडा दाखव."

"कठडा? हा काय समोर आहे की."

"तो हलतो का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी विचारलं, सूर्य कुठून उगवतो. म्हणाला, "ताई, दरवर्षी हलतो. पावसात आतल्या बाजूचं गवत घोडे खाऊन टाकतात पायांनी. सप्टेंबर लागला की कठडा आठ मीटर बाहेर घेतो, म्हणजे ताज्या गवतावर पळता येतं."

तू हे सगळं जाणतोस. मी लिहिते आहे ती माझ्यासाठी, स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय मला काही पटत नाही. सरळ पट्ट्यात कठडा कुठेही असला तरी अंतर तेवढंच. वळणावर मात्र टेबलाला खेटून फेरी मारणं वेगळं आणि आठ मीटर लांबून मारणं वेगळं. मी चाकवाल्याकडून चाक हातात घेतलं. तो म्हणाला, "तुम्ही कशाला, मी फिरवतो." मी म्हटलं, "फिरवलंस तर मी मानणार नाही." आख्खं वळण आधी आतल्या रेषेने चालले, मग कठड्याच्या कडेने. दोन ठिकाणी थांबून गुडघा चोळला. फरक पंचवीस मीटर. वर थोडे सेंटिमीटर.

मी विचारलं, "मग कठडा बाहेर घेतला की दोन हजाराची शर्यत दोन हजार पंचवीसची होते?"

"छे! गेट पुढे घेतो ना. ती बघा." त्याने बोट दाखवलं. गेट जिथे उभं राहतं तिथे गवतात एक पांढरी खुंटी ठोकलेली आहे आणि वळणाच्या दिशेने पंचवीस मीटर पुढे एक पिवळी. "कठडा आत असला की गेट पांढरीवर. कठडा बाहेर गेला की पिवळीवर. अंतर बरोब्बर."

मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. म्हणजे अंतर कायम बरोबर होतं, वेळ बरोबर होती, मी बरोबर होते. परत फिरले सुद्धा. आणि चार पावलांवर, निव्वळ सवयीने, विचारलं, "पिवळी कधीपासून आहे?"

त्याने माझ्या हातातलं चाक परत घेतलं.

"तुमचा भाऊ गेला, त्याच्या पुढच्या वर्षीपासून."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी एकच खुंटी, ताई. पांढरी. कठडा कुठेही असो."

'कठडा कुठेही असो.' माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं.

पुढचं त्याने सांगितलं ते तुला मी सांगणार म्हणजे काशीकराला गंगेची वाट दाखवण्यातला प्रकार, तरी ऐक. म्हणे, गाडी भरायच्या आधी भल्या सकाळी तू त्याला घेऊन मैदानावर आलास, चाक फिरवलंस, आणि पंचवीसावर टाचेने खड्डा पाडून म्हणालास, "इथे खुंटी ठोक. माझ्या घोडीचं झालं ते झालं, पुढच्यांचं होऊ नये." त्याने पुढच्या हंगामाच्या आधी ठोकली. पिवळा रंग कुंपणाचा उरला होता म्हणून पिवळी.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "ताई, तुम्ही वर, आम्ही खाली. आणि तुम्हाला चुकलात असं सांगायची छाती कुणाची होती? भावाने सांगून बघितलं, त्याचं काय झालं ते आम्ही पाहिलं."

तरीही मी लगेच मानलं नाही, तू ओळखतोस मला. त्या दिवशी कठडा बाहेर होता कशावरून? चाकवाला म्हणाला, "फोटो बघा की. वजनघरात लावलाय." तालेवार निकालाचा खांब ओलांडते आहे तो फोटो. मी रोज त्याच्याखाली छत्री ठेवते. एकवीस वर्षं ठेवते आहे. जाऊन चष्मा पुसला आणि बघितलं. कठड्याच्या पलीकडे, आतल्या बाजूला, टापांनी खरवडलेल्या गवताचा रुंद पट्टा. लहान मूलही सांगेल.

मग गणित. पंचवीस मीटर पळायला त्या वेगाने दीड सेकंदाहून किंचित जास्त लागतो. ते तालेवारच्या वेळेतून वजा केलं, तर तिच्यात आणि भिंगरीत एका ठोक्याचा तिसरा हिस्सा उरतो. माझ्या घड्याळाला तो दिसतही नाही. आणि तालेवारच्या पाठीवर चार किलो जास्त होते, हे तू लिहायच्या आत मीच लिहिते.

म्हणजे ती संथ नव्हती. बाकीची गाढवं नव्हती. त्या दिवशी सगळ्या मैदानात गाढव एकच होतं आणि ते मनोऱ्यावर बसलं होतं.

आणखी एक. भिंगरीची वेळ मी तुझ्या तोंडावर फेकली. ती खरी ठरली ती तुझ्या खुंटीमुळे. वीस वर्षं मी घेतलेली प्रत्येक वेळ तुझ्या टाचेच्या खड्ड्यावर उभी आहे.

माफी मागायची कशी ते मला येत नाही. कॉलेजात शिकवलं नाही, नंतर सराव झाला नाही. पुढच्या सोमवारी बैठक आहे. मला जे येतं ते तिथे करेन.

ताई

१३ ऑक्टोबर, मंगळवार

धाकट्या, वाच, आणि बसून वाच!

बैठक भिंगरीवर मत घ्यायला बोलावली होती. अध्यक्षांनी चिठ्ठ्या वाटायला घेतल्या. मी उभी राहिले. "आधी माझं एक काम आहे," म्हटलं. "एकवीस वर्षांपूर्वी तालेवारच्या चिठ्ठीवर मी 'नाही' लिहिलं. ते मत चुकीच्या अंतरावर दिलं होतं. मी ते मागे घेते."

बातमीदार खिसे चाचपायला लागला. "थांबा ताई, चष्मा लावू द्या. तुम्ही चूक कबूल करताय हे मला नीट बघायचंय."

"बघ. परत दिसणार नाही."

अध्यक्ष म्हणाले, "पण नियमात बसतं का हे? इतक्या वर्षांनी?"

"नियम मीच नव्याने लिहून काढलेत. कलम नऊ. नकार देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लेखी मागे घेतला तर नकार रद्द. मुदत घातलेली नाही."

"तेव्हा का नाही घातली?"

"कारण कुणी मागे घेईल असं वाटलं नव्हतं."

मी चाकाचे आकडे, फोटो, गणित, सगळं टेबलावर मांडलं. चाकवाल्याला आत बोलावलं होतं. तो दारातच उभा, चिखलाचे पाय घेऊन आत कसं यायचं म्हणून. मी म्हटलं, "ये सरळ. चिखलच पुरावा आहे." डॉक्टरांनी गणित दोनदा केलं आणि दोन्ही वेळा माझंच उत्तर आलं. आणि मग म्हातारा जॉकी बोलला. तू विसरला नसशील, तालेवारवर तोच बसला होता. इतकी वर्षं समितीत माझ्यासमोर बसतो, या विषयावर कधी बोलला नाही. म्हणाला, "त्या दिवशी उतरल्यावर मी म्हटलं होतं, आज शर्यत संपता संपत नव्हती. सगळे हसले. म्हणाले, म्हातारा झालास." थांबून म्हणाला, "मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो."

कुणी हसलं नाही.

मग मी तालेवारच्या नावाने नवी चिठ्ठी लिहिली. रंगारी गुरुवारी येतो आहे. पाचवं नाव तुझ्या घोडीचं.

(आता एक कबुली. समितीने जन्मतारीख मागितलीच नव्हती. कागदांना वाळवी वगैरे काही नाही, सगळं कपाटात जागच्या जागी आहे. मला पत्र लिहायचं होतं आणि कारण सापडत नव्हतं. आज ती तारीख उपयोगी पडली, तेव्हा हे खोटं म्हणता येणार नाही, आगाऊ काम म्हणता येईल.)

आता भिंगरी. चौघे थोर म्हणायला तयार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला कळलं, की मी हे मत देऊ शकत नाही. दिलं तर कशावर देऊ? घड्याळावर? ज्या बाईने थोर घोडी समोर पळताना ओळखली नाही, तिचा 'थोर' काय कामाचा?

म्हणून मी राजीनामा दिला. थांब, ओरडू नकोस, पुढे वाच. कलम सहाप्रमाणे जाणाऱ्याने आपल्या जागी नाव सुचवायचं असतं. मी तुझं सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, "येतील ते?" मी म्हटलं, "येणार नाही, पण नाव त्याचंच." जॉकीने हात वर केला, मग डॉक्टरांनी, मग बाकीच्यांनी.

तेव्हा पाचवी चिठ्ठी आता तुझी. तुझं मत मला माहीत आहे: भिंगरी चांगली, थोर आजी. लिही हवं तर 'नाही'. चौघांच्या 'थोर'पुढे एकट्याने 'नाही' लिहून दारातून बाहेर येताना कसं वाटतं, ते तुलाही कळेल. मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही, एवढं आधी सांगून ठेवते.

फक्त कलम चार आहे. घोडं स्वतःच्या डोळ्यांनी पळताना पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. भिंगरीची शेवटची शर्यत पंचवीस तारखेला, रविवारी, दुपारी चार वाजता. त्यानंतर तिला पळवणार नाहीत. पाच वाजता वजनघरात मतदान.

पाहुण्यांसाठी वर खुर्च्या असतात. तू तिथे बसणार नाहीस, मला माहीत आहे. चाकवाल्याला सांगितलं आहे, पिवळ्या खुंटीपाशी कुणी उभं राहिलं तर हटकू नकोस.

ताई

२५ ऑक्टोबर, रविवार, चार वाजून बारा मिनिटं

धाकट्या,

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे. चाकवाल्याच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. तू कठड्यापाशी आहेस, मी मनोऱ्यावर, मध्ये बारा हजार माणसं एकाच वेळी ओरडत आहेत. हाक मारून काय उपयोग?

तू आलास. साडेतीनला दुर्बिणीतून पिवळ्या खुंटीपाशी एक टक्कल दिसलं, टोपी हातात. ओळखलं नाही. मग त्या टकलाने वाकून खुंटी टाचेने हलवून पाहिली, तेव्हा ओळखलं.

तू जे बघितलंस तेच मी बघितलं. सुटताना त्या काळ्या घोड्याने तिला धडक दिली, ती गुडघ्यावर गेली, सगळं मैदान 'आई गं' म्हणालं. उठली तेव्हा पंधरा लांब्या मागे होती. जॉकीने लगाम सैल सोडला होता रे, त्याने सोडून दिलं होतं! तिनेच सोडलं नाही. वळणावर मागून तिसरी. सरळ पट्ट्यात सातवी, पाचवी. मग काळ्याच्या शेजारी आली आणि शेवटचे शंभर मीटर दोघं एकमेकांना चिकटून, नाकाला नाक. मी दुर्बीण खाली ठेवली होती. केव्हा ठेवली माहीत नाही. उघड्या डोळ्यांनी बघत होते. आणि तुझी टोपी वर उडालेली दिसली, निकालाच्या खांबाच्या कितीतरी आधी.

कोण जिंकलं ते अजून कुणालाच माहीत नाही. फोटो धुऊन यायचा आहे. डॉक्टर नखं खात आहेत. बातमीदार दोन मथळे लिहून बसला आहे.

मला फोटो नको. मी आता मत देणाऱ्यांत नाही, म्हणून मोकळेपणी सांगते: थोर. हरली असली तरी थोर. तू 'नाही' लिहिलंस तरी थोर, मग आपण घरी जाऊन रीतसर भांडू.

आता तुझ्या कामाचं. वेळ काय लागली म्हणून अध्यक्ष मला विचारायला आले. मी घड्याळ बघितलं. धाकट्या, मी बटण दाबलंच नाही. तू म्हणाला होतास, मी घोडा कधी बघितला नाही. आज बघितला, आणि बटण विसरले. काटा अजून फिरतोच आहे.

तेव्हा माझ्याकडे तुला द्यायला आकडा नाही. जे डोळ्यांनी पाहिलंस त्यावर लिही.

घड्याळ या चिठ्ठीबरोबर पाठवते आहे. बाबांनी खोगीर तुला दिलं होतं आणि हे मला, कधी एकमेकांना हात लावू दिला नाही आपण. नीट धर, किल्लीची बाजू वर. मी खाली येते आहे. बावीस पायऱ्या आहेत आणि गुडघे माझे आहेत, त्यामुळे वेळ लागेल. मी तुझ्यापाशी पोचले की थांबव.

ताई